एकाच पाटाचं पाणी

राइव्हल हा इंग्रजी शब्द रिव्हरवरून आला असं मी कमीत कमी दहा वर्षं लोकांना सांगत फिरत होतो. कुणी विचारलेलं नसायचं तरी सांगायचो. चहाच्या टपरीवर, ऑफिसात, एकदा तर मेहुण्याच्या साखरपुड्यात पंगतीला शेजारी बसलेल्या अनोळखी काकांना. नदीच्या अलीकडं एक, पलीकडं एक, दोघांची पाण्यावरून भांडणं, म्हणून रिव्हरवरचा तो राइव्हल, कसं परफेक्ट बसतं बघा काका. काका म्हणाले, हो का, आणि मठ्ठा मागवला.

मग मागच्या वर्षी ऑफिसात एक ट्रेनिंग होतं, स्क्रीनवर कुठल्यातरी राइव्हल प्रॉडक्टचा तक्ता लावलेला, मला राहवलं नाही आणि मी तेच ज्ञान तिथंही पाजळलं. ब्रेकमध्ये आमच्या एक सीनियर मॅडम, ज्या सगळ्यांच्या मेलमधल्या चुका लाल करून परत पाठवतात, शांतपणे म्हणाल्या, "रिव्हर वेगळा, राइव्हल वेगळा. कधी डिक्शनरी उघडलीयस का?" नव्हती उघडली. गोष्ट इतकी झकास जुळत असताना डिक्शनरी कोण उघडतंय.

घरी येऊन उघडली. रिव्हरचं मूळ लॅटिन रीपा, म्हणजे काठ. त्याचं झालं रिपारिया आणि ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आलं. म्हणजे इंग्रजांच्या नदीच्या नावात पाणी नाहीच, नुसता काठ आहे. अराइव्ह पण त्याच रीपावरचा, मूळ अर्थ काठाला लागणे, आता आपली एसटी सुद्धा स्वारगेटला अराइव्ह होते तो भाग वेगळा. कृष्णेच्या पाण्यावरून महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र लवादापुढं भांडले, त्या बातम्यांत 'रायपेरियन राज्यं' असा एक जड शब्द असतो, तो पण हाच, काठावरची राज्यं.

राइव्हल मात्र रिवुसवरून. रिवुस म्हणजे ओढा, ओहोळ, आणि रोमन लोकांच्या कायद्याच्या भाषेत सरळ सरळ पाट. पाण्याचा पाट. त्यावरून रिवालिस, म्हणजे एकाच पाटातून पाणी घेणारा दुसरा माणूस. दोन काठांवरचे दोघं नव्हेत, एका पाटावरचे दोघं. हे वाचलं आणि मी लॅपटॉप मिटवून गॅलरीत जाऊन उभा राहिलो, कारण एका पाटावरचे दोघं म्हणजे काय प्रकार असतो हे मला लॅटिनमधून शिकायची गरज नव्हती.

आमची विहीर सामाईक आहे. सातबाऱ्यावर इतर हक्कांत तसं लिहिलेलंच आहे. आजोबांनी बहात्तरच्या दुष्काळानंतर खोदली, पुढं वाटण्या झाल्या तेव्हा अण्णांना आठ आणे नि तात्यांना आठ आणे. अण्णा म्हणजे माझे वडील, तात्या चुलते. विहिरीवर मोटार एकच, पाच एचपीची. चार दिवस त्यांची पाळी, चार दिवस आमची. पाट एकच निघतो, तो चिंचेपाशी येऊन दोन फाटे होतात, डावा तात्यांकडं, उजवा आमच्याकडं. चिंचेपाशी मातीचा एक ढेकूळ इकडून काढून तिकडं लावला की पाणी घर बदलतं. एवढंच. ह्या एका ढेकळावर आमच्या घराण्याचा अर्धा इतिहास लिहिता येईल.

ज्यांनी कधी दारं धरली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. पाण्याला वाफ्यात सोडायचं, वाफा भरत आला की फावड्यानं त्याचं तोंड बुजवायचं आणि पुढच्याचं उघडायचं, असं एकामागं एक, चप्पल काढून, गुडघ्यापर्यंत चिखलात. लाईट रात्रीची असली तर बारा ते आठ. जानेवारीत त्या वेळी पाणी कोमट लागतं नि हवा चावते, पाय पाण्यात बरे असतात आणि वरचं अंग बाहेर काढवत नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पाणी अचानक कमी व्हायला लागतं तो क्षण. आवाज बारीक होतो आधी. मग कळतं की वर कुणीतरी फोडलंय.

मी एफवायला होतो त्या वर्षी असंच झालं. रात्री बारापासून आमची पाळी, कांद्याला पाणी पाहिजेच होतं, आणि दादाचे, म्हणजे तात्यांच्या थोरल्याचे, गव्हाचे तीन वाफे राहिलेले. त्यानं चिंचेपाशी ढेकूळ फिरवलाच नाही. तीन वाफ्यांना किती लागतं, अर्धा तास. दोन तास गेले. अण्णा बॅटरी घेऊन वर गेले, मी मागं. मग जे बोलणं झालं ते लिहिण्यासारखं नाही, त्यात आजोबासुद्धा आले, जे वारून सहा वर्षं झाली होती. एक फावडं वर उचललं गेलं, कुणी उचललं यावर अजून एकमत नाही. पडलं मात्र नाही कुणावर. दुसऱ्या दिवसापासून दोन घरांचं बोलणं बंद, तीन वर्षं.

पण विहीर तर एकच. मोटार पण एकच. आता न बोलता पाळी द्यायची कशी? तर स्टार्टरच्या पेटीवर एक वीट आली. कुणी ठेवली, कुणी ठरवलं, काही माहीत नाही. वीट आडवी म्हणजे पाळी चालू आहे. उभी केली म्हणजे माझं झालं, तू घे. पुढं तिच्याखाली चिठ्ठ्या यायला लागल्या. मोटार जळाली तेव्हा तात्यांनी वायंडिंग करून आणलं आणि विटेखाली चिठ्ठी, 'वायंडिंग ३२००, निम्मे १६००', खाली सही नाही, नाव नाही. अण्णांनी दुसऱ्या दिवशी सोळाशे रुपये दुधाच्या पिशवीत गुंडाळून त्याच विटेखाली ठेवले. लग्नात एकमेकांकडं पाठ करून जेवलेले हे दोन सख्खे भाऊ, आणि तीन वर्षांत एक रुपयाची चूक नाही.

म्हणून मग मला बघायचं होतं की रोमन लोकांनी ह्याचं काय केलं.

त्यांनी कायदा केला, अजून काय करणार. उल्पियन नावाचा एक मोठा कायदेपंडित होता, टायरचा, म्हणजे आजच्या लेबनॉनमधला, इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये फार वरच्या जागेवर गेला आणि शेवटी राजाच्याच अंगरक्षक शिपायांनी त्याला मारला. त्याचं लिखाण पुढं ५३३ साली जस्टिनियन बादशहानं जो कायद्यांचा प्रचंड संग्रह करवला त्यात टिकलं. त्यात एक अख्खं प्रकरण आहे, नाव काय तर 'रोजच्या आणि उन्हाळी पाण्याबद्दल'. मी हसलोच. उन्हाळी पाणी! आमच्याकडं हाच शब्द आहे. आणि त्यात एका ठिकाणी उल्पियन लिहितो की रिवालेसमध्ये, म्हणजे जे एकाच पाटानं पाणी नेतात त्यांच्यात, पाण्याच्या वापरावरून तंटा झाला आणि दोघंही म्हणायला लागले की हक्क माझाच, तर दोघांनाही दुहेरी मनाई हुकूम मिळतो. दुहेरी म्हणजे त्यात वादी एक नि प्रतिवादी एक असं नसतं. दोघंही वादी आणि दोघंही प्रतिवादी. हे ज्या माणसानं लिहिलं तो चिंचेपाशी येऊन उभा राहिला असणार अशी माझी खात्री आहे, भले ती चिंच नसून ऑलिव्ह असेल.

मूळ हुकुमाची भाषा तर अजून भारी. ज्या अर्थी तू ह्या वर्षी हे पाणी नेत आलास, ना दांडगाईनं, ना चोरून, ना समोरच्याच्या मेहरबानीवर, त्या अर्थी तुला तसं नेताना कुणी जबरदस्ती करायची नाही, मनाई आहे. ह्यातलं तिसरं बघा. दांडगाई नि चोरी समजू शकतो, पण मेहरबानी का? कारण शेजाऱ्यानं 'ने रे दोन दिवस' म्हणून दिलेलं पाणी म्हणजे हक्क नव्हे. तात्या नेमकं हेच बोलायचे. "दोन तास जास्तीचे दिले असतील कधी, म्हणून काय ते तुमचे झाले?"

ह्याच काळातला एक दगड आहे, आजच्या अल्जीरियात मरवाना गावाजवळ सापडलेला, तिथं लामास्बा नावाचं रोमन गाव होतं. बादशहा एलागाबालस, म्हणजे २१८ ते २२२ ह्या चार वर्षांत कधीतरी कोरलेला. दगडावर देव नाही, राजाची लढाई नाही, पाण्याच्या पाळीची यादी आहे. शेतकऱ्याचं नाव, त्याचा वाटा, कधीपासून कधीपर्यंत, किती तास. अर्धा तास असेल तर अर्धा तासही कोरलाय! छिन्नी घेऊन, अर्धा तास! तो अर्धा कोरायच्या आधी त्या गावात किती रात्री भांडणं झाली असतील. आपल्याकडं कालव्याच्या पाण्याला सात नंबरचा फॉर्म भरून शेजपाळी लागते, धुळं-नाशिककडं पांझरा-मोसमच्या बंधाऱ्यांवर फड पद्धतीत लोकांनीच पाटकरी नेमून पिढ्यान्‌पिढ्या पाणी वाटलं, आमच्याकडं वीट होती. त्यांनी दगडात कोरलं, म्हणजे त्यांचं भांडण आमच्यापेक्षा मोठं असणार.

आणि फोडाफोडी तिकडंही होतीच. इसवी सन ९७ ला फ्रंटायनस नावाच्या बड्या माणसाला रोम शहराच्या पाणीखात्याचा प्रमुख केलं, त्यानं सगळे कालवे स्वतः फिरून बघितले आणि लिहून ठेवलं. रस्त्याखालून जाणाऱ्या पाइपलाइनींना जागोजागी चोरून भोकं पाडलेली, तिथून पाणी विकत होते, आणि हे कोण करत होतं तर खात्यातलीच माणसं. हे वाचून मला काही धक्का वगैरे बसला नाही, उलट रोमन साम्राज्याबद्दल पहिल्यांदाच आपलेपणा वाटला.

तर रिवालिसचा अर्थ पाटाचा भागीदार, हे झालं. पण एक गोम आहे, आणि ती सांगितली नाही तर मॅडम परत लाल करतील. उल्पियनच्या चारशे वर्षं आधी, इसवी सनपूर्व २०० मध्ये, प्लॉटस नावाच्या विनोदी नाटककाराचं एक नाटक रोममध्ये झालं आणि त्यात हा शब्द आहे, पण पाण्याचा काही संबंध नाही. एक गुलाम सांगतो की त्याची नि दुसऱ्या एका गुलामाची मैत्रीण एकच आहे, आम्ही रिवालेस आहोत. म्हणजे पाटावरचा शब्द तेव्हाच उचलून बाईवर लावलेला होता. पुढं लॅटिनमध्ये हाच अर्थ जास्त चालला. पण गंमत म्हणजे हे दोघं भांडत नाहीत. शेवटी तिघं मिळून पार्टी करतात, दोघं राइव्हल एकाच पेल्यातून पितात, आलटून पालटून. पाळीनं. आणि इंग्रजीत शब्द नुकताच रुळत होता तेव्हाही हा भागीदारीचा वास पुरता गेला नव्हता, शेक्सपिअरच्या हॅम्लेटमध्ये सुरुवातीलाच रात्रीचा पहारेकरी आपल्या जोडीदारांना राइव्हल्स म्हणतो, भांडणाच्या नाही, बरोबर पहारा देणारे ह्या अर्थानं. नंतर तो अर्थ वाहून गेला आणि कंपन्या, टीमा, पक्ष वगैरे उरले.

आपल्याकडं काय झालं? मी आधी फुशारकीनं म्हणणार होतो की आपल्याकडं प्रतिस्पर्धी हा स्वच्छ शब्द आहे, स्पर्धा करतो तो, त्यात पाण्याची भानगड नाही. पण तो पुस्तकातला शब्द झाला, गावात कुणी कुणाला प्रतिस्पर्धी म्हणत नाही. गावात भाऊबंदकी म्हणतात. शब्द फोडला तर त्यात भाऊ आहे, बंधू आहे, आणि अर्थ काय तर दावा, कोर्ट, बांध कोरणं. संस्कृतवाल्यांनी तर आधीच करून ठेवलंय हे. भ्रातृव्य म्हणजे भावाचा मुलगा, चुलतभाऊ, आणि वैदिक ग्रंथांत भ्रातृव्य म्हणजे शत्रू. दोन्ही अर्थ इतके चालू होते की पाणिनीला लागोपाठ दोन सूत्रं करावी लागली, एक पुतण्यासाठी आणि लगेच पुढचं वैऱ्यासाठी, 'व्यन् सपत्ने'. उच्चारात फरक काय तर नुसता स्वराचा आघात. आणि त्या सूत्रातला सपत्न, म्हणजे वैरी, तो कुठून आला तर सपत्नीवरून, आपली सवत. तिघांनी तीन गोष्टी वाटून घेतल्या, कुणी पाट, कुणी नवरा, कुणी आजोबाची जमीन, आणि तिघंही एकाच जागी येऊन पोचले. लांबच्या माणसाशी कोण भांडतंय हो. ज्याचं माझं काही एक नाही त्याचा हेवा करायला सुद्धा मला टाइम नाही.

अजून एक सापडलं, त्यानं मी दोन दिवस खुश होतो. उल्पियननंच रिवुसची व्याख्या दिलीय, लांबट खोलगट जागा जिच्यातून पाणी वाहतं, आणि पुढं तोऱ्यात सांगितलंय की हे नाव ग्रीकमधल्या 'वाहणे' ह्या क्रियापदावरून पडलं. ते चूक आहे! ते ग्रीक क्रियापद आपल्या स्रवणे, स्रोत ह्यांच्या घरातलं, रिवुसचं घर वेगळं. म्हणजे उल्पियनसुद्धा माझ्यासारखाच, जुळतंय म्हटल्यावर ठोकून दिलं, आणि त्याला लाल पेनवाल्या मॅडम भेटल्या नाहीत. रिवुसचं घर भाषाशास्त्रवाले संस्कृतच्या री धातूशी जोडतात, रीयते, वाहतो. आणि त्या धातूपासून संस्कृतात रीति, आधी अर्थ प्रवाह, धार, मग वाहायची वाट, मग वागायची वाट. मराठीत रीत. रीतभात मधली रीत. म्हणजे राइव्हल आणि रीत ही लांबची चुलत भावंडं निघाली, आणि मी ह्यांना उगाच रिव्हरच्या मांडीवर दत्तक दिलं होतं.

व्युत्पत्तीला इंग्रजीत डेरिव्हेशन म्हणतात. ते पण रिवुसवरचंच, पाटातून पाणी वळवून नेणं. दहावीला गणिताच्या सरांनी 'डिराइव्ह करा' म्हणून पाच मार्कांना जे रडवलं ते मुळात दारं धरण्याचं काम होतं, तसं सांगितलं असतं तर जमलंही असतं कदाचित.

घरी अण्णांना हे सगळं सांगितलं एकदा फोनवर. रोमन, उल्पियन, दगड. त्यांनी सगळं ऐकून घेतलं नि विचारलं, "त्या दगडावर पाळी चुकवली तर दंड किती लिहिलाय?" दंडाचं नाही त्यात, म्हटलं, नुसते तास. "मग काय उपयोग," म्हणाले.

बोलणं सुरू झालं ते माझ्या बहिणीच्या लग्नात, मुहूर्ताला तात्या स्वतः मंडपात येऊन उभे राहिले. त्यानंतर परत नॉर्मल, म्हणजे पाळीवरून दर पंधरा दिवसांनी भांडण, आणि भांडण झालं की निदान चहा. मग तात्या गेले, आणि चार वर्षांपूर्वी दादानं स्वतःचं बोअर घेतलं. साडेचारशे फुटाला पाणी लागलं, अडीच इंची. पेढे आणून दिले आम्हाला. डावा फाटा बंद झाला, गवत माजलं त्यात. विहीर सगळी अण्णांनाच मोकळी. अण्णा पहिल्या उन्हाळ्यात म्हणाले, बरं झालं, कटकट गेली. आणि खरंच गेली. चार वर्षांत दोन घरांत एक भांडण नाही. भांडण नाही म्हणून चहा नाही, दादा रस्त्यानं जाताना गाडीवरून हात करतो, थांबत नाही, थांबायचं काही कारणच राहिलं नाही.

ह्या एप्रिलमध्ये जत्रेला गावी गेलो होतो. दुपारी चारच्या सुमाराला दादाचा फोन, मलाच. बोअर आटलंय. आठ दिवसांपासून नुसती गाळाची पिचकारी येते आणि मोटार गरम होते. मग जरा थांबून, "विहिरीला किती आहे रे?"

मी अण्णांना विचारलं. "बारा फूट," अण्णा म्हणाले, पेपरातून वर न बघता.

"मग उद्यापासून माझी पाळी धरतो," दादा म्हणाला.

मी स्पीकरवर टाकला. अण्णांनी पेपर खाली ठेवला. "त्याला विचार, त्याची पाळी कशावरून? शेवटची पाळी त्याचीच होती. बोअर घेतलं तेव्हा गव्हाला पाणी चालू होतं त्याच्या, चांगलं आठवतंय मला."

"अण्णा, मी आत्ता पेटीपाशीच उभा आहे," पलीकडून दादाचा आवाज आला, मागं वारा वाजत होता. "वीट आडवी आहे."

"मग?"

"मग काय? आडवी म्हणजे पाळी चालू. चार वर्षं झाली तुमचीच चालू आहे, अजून किती वाफे राहिलेत?"